कागद कोण खातो

माझ्या दुकानातून गेलेल्या कुठल्याही मालाला मी वर्षाच्या वर हमी दिली नाही. टाइपरायटर असो की रिबन, वर्ष संपलं की तुमचं तुम्ही आणि माझं मी. रागाची गोष्ट वेगळी. एकदा धरलेला राग माझ्याकडे पंधरा-पंधरा वर्षं चालतो. त्याला तेल लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, आणि घासाघीस करायला कोणी गिऱ्हाईकही येत नाही.

हा राग ज्यांच्यावर होता ते भंडाऱ्याच्या एका बिडी कंपनीच्या ऑफिसात बडेबाबू होते. सगळ्या कारकुनांच्या वरचे, आणि सेठजींच्या एक पायरी खालचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाकाडोंगरीकडून भंडाऱ्याला आलो तेव्हा त्या ऑफिसात टायपिस्टची जागा होती. मी तुमसरला मराठी टायपिंग शिकलो होतो. जिच्यावर शिकलो ती मशीन इतकी गंजलेली होती की कळ ठोकल्याशिवाय अक्षर उठत नसे. त्यामुळे माझा वेग चांगला होता आणि आवाज त्याहून चांगला. मी टाइप करायला बसलो की शेजारच्या घरातली माणसं खिडकी लावून घ्यायची.

परीक्षेला बडेबाबूंनी एक पत्र दिलं. तेंदूपत्त्याच्या फळीवरच्या, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागेवरच्या, कामगारांबद्दल होतं. कामगारांच्या, फळ्यांच्या, जंगलांच्या, सट्टेदारांच्या, जिकडे पाहावं तिकडे अनुस्वार. ऑफिसातली मशीन नवी होती, लोण्यासारखी. मला काय माहीत? मी तुमसरच्या हिशेबानं ठोकत गेलो. सगळ्यांच्या आधी पत्र संपवलं आणि ऐटीत पुढे नेऊन ठेवलं.

बडेबाबूंनी वाचलं. चूक सापडली नाही. मग त्यांनी तो कागद उचलून खिडकीसमोर धरला. जिथं जिथं अनुस्वार होता तिथं तिथं आरपार भोक. उन्हाचे ठिपके त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले होते.

"बापू," ते मोठ्यानं म्हणाले, "हे पत्र आहे का चाळणी? याच्यातून तं आपला तंबाखू चाळता येते."

सगळं ऑफिस हसलं. बिडीच्या ऑफिसात तंबाखूच्या चाळणीवरचा विनोद म्हणजे घरचाच. मागच्या खोलीत बिड्यांचे कट्टे मोजणारी माणसंसुद्धा काय झालं ते पाहायला आली आणि कळल्यावर तीही हसली. माझं डोकं फिरलं. मी पायात चप्पल सरकवली आणि पाठ फिरवली. मागून बडेबाबू काहीतरी बोलत होते. मी ऐकलं नाही. चाळणी म्हणणारा माणूस आणखी काय चांगलं बोलणार होता?

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्याच ऑफिसात, त्याच माणसांसमोर, बडेबाबूंनी म्हणावं की मी चुकलो. नोकरी नको, पगार नको. फक्त तेवढे दोन शब्द.

नोकरी नाही मिळाली म्हणून मी धंदा केला. आधी टायपिंगचा क्लास काढला. मग दुरुस्ती, मग स्टेशनरी. माझ्याकडे शिकलेली पोरं जवाहरनगरच्या कारखान्यात लागली, कचेऱ्यांत लागली. क्लासमध्ये माझं पहिलं वाक्य असायचं, "हात हलका ठेवा." पोरं म्हणायची, मास्तर, तुम्ही दाखवा ना. मी दाखवत नसे. गावात सगळे मला मास्तर म्हणू लागले. फक्त त्या ऑफिससमोरच्या चहावाल्याकडे मला 'चाळणी' म्हणायचे. तिथं मी चहा पिणं सोडलं, म्हणजे त्याचं एक गिऱ्हाईक कमी केलं. त्याला अजून कळलं नसेल.

त्या ऑफिसची टाइपरायटर दुरुस्ती माझ्याकडेच यायची. भंडाऱ्यात दुसरं होतं कोण? मी जायचो, मशीन उघडायचो, आत साचलेली तंबाखूची भुकटी ब्रशनं काढताना सतरा वेळा शिंकायचो. बडेबाबू माझ्यासाठी चहा सांगायचे. मी म्हणायचो, "मी चहा घेत नाही." ते म्हणायचे, "काहून? मागच्या दुकानात तं पिऊन राहिले होते." इतकी वर्षं आमचं बोलणं एवढंच. परीक्षेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. मी वाट पाहत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. सेठजींच्या नागपूरच्या पाहुण्यांनी गळ्यात मारला असं लोक म्हणायचे. एक मोठा डबा बडेबाबूंच्या टेबलाशेजारी, त्याला वायरनं जोडलेली चार टेबलांवरची चार टर्मिनल, आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर. कंपनीसाठी बिड्या वळून घेणाऱ्या सट्टेदारांच्या याद्या, बिडी वळणाऱ्या बायांच्या मजुरीच्या याद्या, तेंदूपत्त्याच्या पोत्यांच्या याद्या, सगळं त्याच्यावर निघायचं. दिवसभर त्याचा करकर आवाज. मजुरीच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, "मास्तर, तुमी टाइप करून राहिले असंच वाटते."

मी तोवर नागपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. वर्गात बाकीची पोरं माझ्या मुलांच्या वयाची. शिकवणारा मुलगा मला 'अंकल' म्हणायचा आणि मी कळफलकावर बोट ठेवलं की डोळे मिटायचा.

एक दिवस सेठजींनी बोलावलं. समोर जोडकागदाचे रिकामे खोके पडले होते, त्या काळी कडेला भोकं असलेल्या लांबच लांब कागदाच्या घड्या यायच्या त्यांचे.

"मास्तर, हा कागद कोण खाऊन राहिला?" सेठजी म्हणाले. "खोका आणला की संपला. हा म्हणते तो छापते, तो म्हणते हा छापते. तुम्ही शिकून आले ना? मले असं काही करून द्या की कोणी काय छापलं, किती छापलं, सगळं समजलं पाहिजे."

असं करता येत होतं. कोणीही छापायचा हुकूम दिला की मशीननं आधी नाव विचारायचं, नाव दिल्यावर छापू द्यायचं, आणि कोणी किती पानं छापली ते आत लिहून ठेवायचं. कोर्समध्ये आम्ही असलाच एक लहान प्रोग्राम केला होता. तो वाढवला की झालं. मी हे सेठजींना सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या डोक्यात दुसरंच चित्र तयार झालं. प्रिंटर बडेबाबूंच्या टेबलाशेजारी. दिवसभर त्यांच्या हातात छापलेले कागद. कागद खाणारा दुसरा कोण असणार?

"बडेबाबूंनाही नाव टाकावं लागेल," मी म्हणालो.

"टाकतीन ना. मी पण टाकतो, बोला."

"आणि निघेल ते सगळ्यांसमोर वाचायचं. सगळं ऑफिस उभं करून. बडेबाबू समोर पाहिजेत."

सेठजींनी चष्मा काढला. त्यांच्याशी मी वर्षानुवर्षं घासाघीस करत आलो होतो. एका रिबनच्या रिळासाठी आम्ही दोघांनी अख्खी दुपार घालवलेली आहे. माणूस काय मागतो यावरून त्याला काय हवं आहे ते त्यांना लगेच कळायचं.

"वाचू," ते म्हणाले. "पण मग जुनी वायर बदलाची आहे, ती तुमच्याकडून."

"वायर माझी."

"प्रिंटरची रिबन फिकी पडली म्हणून राहिले लोक. मी आता नवी घेत नाही, सांगून ठेवतो. आहे त्याच्यातच करा."

"करतो."

"अन् आधी काम पाहू. पसंत पडलं तरच पुढचं बोलू."

"ठीक आहे."

सेठजी माझ्याकडे काळजीनं पाहू लागले. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? बुखार-बिखार?"

सायकलवरून जवळच्या शहापूरच्या घरी परत येताना मी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या सौद्यात मी वायर सोडली, रिबन सोडली, मजुरीची बोलीसुद्धा केली नाही. बदल्यात मिळवलं काय, तर सगळ्यांसमोर एक कागद वाचायची परवानगी.

बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे त्यानं माफी मागितली पाहिजे, इतकंच ना?"

"इतकंच."

"अन् ती घेऊन ठेवाची कुठं? कपाटात तं जागा नाही."

मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

प्रोग्राम बसवायला आठवडा लागला. नागपूरच्या त्या मुलाला मध्येच दोनदा भेटून आलो, पण हे सेठजींना सांगितलं नाही. माझ्या वायरी टेबलाखालून गेल्या, त्यात एकाचा पाय अडकला आणि चहाचा पेला मजुरीच्या यादीवर पडला. शेवटी एकदाचं चाललं. कोणीही छापायला गेला की पडद्यावर प्रश्न यायचा, नाव काय? नुसतीच एंटरची कळ दाबली तर पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदाही तोच. मी मुद्दाम तसं केलं होतं. नाव दिल्याशिवाय सुटका नाही.

मजुरीच्या टेबलावरच्या कारकुनानं पहिल्यांदा करून पाहिलं. "मास्तर, हे तं पोलीस चौकीसारखं विचारून राहिलं."

"चोर नसेल त्याला काय भीती?" मी म्हणालो, आणि बडेबाबूंकडे पाहिलं. ते आपल्या टेबलावर बसून एक छापील यादी वाचत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. त्यांच्यासमोर टर्मिनल नव्हतं हे मी पाहत होतो, पण त्यावर विचार केला नाही. मला वाटलं, बाकीच्यांच्या टर्मिनलवर बसून छापत असतील. मोठी माणसं आपल्या टेबलावर थोडीच खातात!

पुढचे पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी जायचो. निमित्त काढायला लागायचं नाही, प्रोग्राम नवा होता. गेलो की त्या दिवसापर्यंतचा अहवाल छापून काढायचो आणि तिथंच उभ्यानं वाचायचो. पहिल्याच दिवशी बडेबाबूंचं नाव सगळ्यांच्या वर. दुसऱ्या दिवशी वर. चौथ्या दिवशी तर इतकं वर की खाली जवळजवळ कोणीच नाही. मी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवायचो, रस्त्यात दिव्याखाली थांबून पुन्हा काढायचो. नव्या नवरीचं पत्रसुद्धा मी इतक्यांदा वाचलं नव्हतं. अर्थात तिनं लिहिलंही नव्हतं.

वाचायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा अहवाल छापायला बसलो. रिबन खरंच मेली होती. बडेबाबूंचं नाव राखेसारखं उमटलं. पंधरा वर्षांची वाट पाहून हे असं? मला ते काळंभोर पाहिजे होतं, शेवटच्या माणसाला दिसेल असं. प्रिंटरच्या आत कागद आणि सुया यांच्यातलं अंतर कमी-जास्त करायचा एक खटका असतो. तो मी पार पुढे ओढला. मग प्रोग्राममध्ये जाऊन त्या एका नावापुरता हुकूम दिला, पुन्हा पुन्हा ठोक. त्या ओळीवर प्रिंटर थांबला आणि जागच्या जागी करकरत राहिला. आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. कागद फाडून घेतला, घडी केली, खिशात टाकला. नीट पाहिलंही नाही. नाव काळं दिसलं, तेवढं पुरे होतं.

शनिवारी दुपारी सगळे जमले. सेठजी खुर्चीवर, बडेबाबू त्यांच्या शेजारी उभे, बाकीचे टेबलांना टेकून. मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. घसा खाकरून मी थोडं भाषण केलं. शिस्त, कागद, देशाची प्रगती असं काहीसं. मग नाव वाचलं आणि त्यापुढचा पानांचा आकडा वाचला.

कोणी दचकलं नाही. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.

"बरोबर आहे," मजुरीच्या टेबलावरचा कारकून म्हणाला.

"काय बरोबर?" सेठजी बडेबाबूंकडे वळले. "तुम्ही छापून राहिले एवढं?"

"मले ते चालवता नाही येत, सेठजी," बडेबाबू म्हणाले. "मी कधी हातही नाही लावला त्याले."

"मग तुमचं नाव कोण टाकते?"

"आमी सगळेच टाकतो," कारकून म्हणाला. त्याला यात विशेष काय ते कळत नव्हतं. "मास्तरच्या मशीननं इचारलं नाव काय. रिकामं सोडू देत नव्हतं. मी बडेबाबूले म्हनलं काय टाकू, ते म्हणाले माझं टाक. या हाफिसातून कागद निघाला की त्याच्यावर एकच नाव असते. मोठ्या सेठजीपासून तसंच आहे ना बाप्पा."

मला तेव्हा आठवलं. आठवावं लागू नये इतकं ते मला माहीत होतं. वर्षानुवर्षं त्या मशीन दुरुस्त करताना मी त्याच कागदांवर रिबन तपासत आलो होतो. कोणीही टाइप केलेला असो, खाली डाव्या कोपऱ्यात बडेबाबूंचं नाव. सेठजींच्या वडिलांचा तो नियम होता. कागदात चूक निघाली तर पाच माणसांना विचारत बसायचं नाही, एकाचीच मान धरायची. म्हणून बडेबाबू प्रत्येक कागद वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देत नसत. भंडाऱ्यातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक होतं. मी एवढा खर्च करून, नागपूरला शिकून, टेबलाखालून वायरी नेऊन तेच पुन्हा शोधून काढलं होतं.

सेठजी हसत नव्हते, म्हणजे पोटातून हसत होते. "मास्तर, म्हणजे तुमच्या मशीननं मले सांगितलं का या ऑफिसचा बडेबाबू कोण आहे."

मी कागदाची घडी घालू लागलो, तर सेठजींनी थांबवलं.

"दुसरं नाव कोणाचं आहे?"

ते मी वाचलं नव्हतं. आदल्या दिवशी नव्हतं, त्याआधीही कधीच नव्हतं. पहिल्या नावाच्या खाली नजर नेण्याची मला गरजच पडली नव्हती. कारकुनानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"मास्तर," तो म्हणाला.

"काय?"

"अजी, तुमाले नाही हाक मारली. इथं लिहिलं आहे, मास्तर. तुमचंच नाव." मग तो मनाशी काहीतरी जुळवू लागला. "बडेबाबूचं म्हंजे आमचं चौघायचं. चार हिस्से केले तं एकेकाच्या वाट्याले थोडंच येते. म्हंजे एकटा मानूस पाहिला तं पयला नंबर मास्तरचा."

रोज संध्याकाळचे अहवाल. त्याआधीच्या चाचण्या. प्रोग्राम चालतो का ते पाहायला मी अख्खी बाराखडी इंग्रजी अक्षरांत पाच-पाचदा छापली होती. माझ्या सापळ्यानं मलाच सगळ्यात आधी पकडलं होतं, आणि तेही इमानदारीनं, कारण त्या ऑफिसात स्वतःचं नाव टाकणारा मी एकटाच होतो.

"पण मग त्याच्या आधी?" सेठजी आता खरंच विचारात पडले. "मास्तर तं आता आले. आधीपासून कागद जाते कुठं?"

"फिका उमटते ना जी," कारकून म्हणाला. "बडेबाबू म्हणते वाचता येत नाही, परत काढ. परत काढला तं तोही फिकाच. रिबन कुठं आहे त्याच्यात?"

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सेठजींकडे. रिबनचा धंदा करणारा माणूस रिबन सौद्यात सोडून आला होता, आणि रिबन न घेणारा माणूस खोक्यांनी कागद घेत होता. त्या क्षणी आम्हाला एकमेकांबद्दल खूप आदर वाटला.

एवढ्यात बडेबाबूंनी माझ्या हातातून कागद घेतला. स्वतःचं नाव पाहिलं. मग खिडकीकडे गेले आणि कागद उजेडासमोर धरला.

मी उभा होतो तिथून मला दिसलं. कागद पातळ, रिबन कोरडी, सुया पार चिकटून, आणि त्यांना मी सांगितलेलं, पुन्हा पुन्हा ठोक. बडेबाबूंच्या नावाचं एकूण एक अक्षर आरपार गेलं होतं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उन्हाच्या बारीक ठिपक्यांनी त्यांचं नाव पडलं होतं.

"हात अजून तसाच आहे तुझा," ते म्हणाले. इतकी वर्षं ते मला 'तुम्ही' म्हणत आले होते.

"हे हातानं नाही छापलं. प्रिंटरनं छापलं."

"पण सांगितलं कोनं त्याले?"

कोणीतरी फसकन हसलं. माझं डोकं फिरलं. पंधरा वर्षांपूर्वी फिरलं होतं तसंच, त्याच बाजूला. पण या वेळी दारात चपला काढल्या होत्या त्या कोणीतरी सरकवल्या होत्या, सापडेनात. म्हणून थांबावं लागलं.

"तुम्ही मला चाळणी म्हणाले होते," मी ओरडलो. "याच जागेवर. एकही चूक नव्हती माझ्या पत्रात!"

"नव्हती," बडेबाबू म्हणाले. "म्हणून तं म्हणलं होतं ना, दिवाळीनंतर हात हलका करून ये. तोवर जागा भरत नाही."

"असं तुम्ही म्हणाले नव्हते."

"म्हणलो होतो. तू दारात होता. दिवाळीच्या नंतर पंधरा दिवस वाट पायली, मग दुसरा घेतला."

मागच्या खोलीतून तंबाखू चाळल्याचा आवाज येत होता. मी दारातल्या त्या क्षणाकडे परत जाऊन पाहिलं. मागून काहीतरी बोललं जात होतं, हे खरं. पण ते काय, ते मला सापडेना. सापडलं असतं तरी मी तसं म्हटलं नसतं.

मग मला माझा मुद्दा सापडला. मी घासाघीस करणारा माणूस आहे. हातचं सगळं गेलं तरी शेवटी काहीतरी निघतंच.

"चाळणी सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले," मी म्हणालो. "मग दिवाळीनंतर ये, हे हळू काहून म्हणले?"

रागात माझ्या तोंडून 'काहून' गेलं. धंद्यात मी जपून, पुस्तकी बोलतो. बडेबाबूंनी कागद खाली घेतला. ते विचार करत होते. त्यांनी कुठलाही कागद न वाचता पुढे जाऊ दिला नव्हता, हेही ते तसंच वाचत होते.

"हे खरं आहे," ते शेवटी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तेही मोठ्यानंच म्हणायले पाहिजे होतं. तेवढं माझं चुकलं."

"तेवढं?"

"तेवढंच."

"पूर्ण चुकलं म्हणा."

"नाही म्हणत. भोकं तं होती."

"मग पाऊण म्हणा."

"अर्धं."

सेठजी उठले. "मास्तर, मिळते ते घ्या. मी यांच्याशी वीस वर्षं भाव करून राहिलो, हे अर्ध्याच्या वर कधी गेले नाहीत."

मी घेतलं. मग सेठजींनी प्रोग्राम पसंत आहे म्हणून सांगितलं. एकच बदल हवा होता. नाव विचारणं बंद करायचं, छापताना बडेबाबूंचं आपोआप पडू द्यायचं. आणि अहवाल कागदावर काढायचा नाही. मी म्हटलं, मग प्रोग्राम ठेवायचा कशाला? ते म्हणाले, "बसवला आहे तं राहू द्या. वायरी काढतानी पुन्हा कोणाचा चहा सांडीन." रिबन मात्र त्यांनी माझ्याकडून घेतली. भाव करायला बसलो तर लक्षात आलं की दोघांचाही जीव त्यात नाही. पहिल्यांदाच आम्ही पाच मिनिटांत संपवलं.

चपला सापडेपर्यंत बडेबाबूंनी चहा सांगितला होता. समोरच्या दुकानातूनच आला. मी प्यायलो. बरा होता. माझ्या आठवणीत होता त्याहून साखर जास्त.

घरी गेलो तेव्हा बायको कपाट आवरत होती. ते तिनं मुद्दाम केलं होतं की नाही हे मी विचारलं नाही.

"मिळाली?" तिनं विचारलं.

"अर्धी."

तिनं वरच्या कप्प्यातला मुलांचा एक जुना स्वेटर बाजूला सरकवला.

"अर्धी तं मावते," ती म्हणाली.

उरलेली अर्धी अजून बाकी आहे. दिवाळीनंतर ये, असं ते खरंच म्हणाले होते यावर माझा अजूनही विश्वास नाही. म्हणाले असते तर मी गेलो असतो. हात हलका करून गेलो असतो.